हिरव्या पट्टीची फुली

१

एक्स-रेत छर्रे एकशे त्रेचाळीस होते. मी तीनदा मोजले. दुसऱ्यांदा एकशे बेचाळीस आले, कारण दोन छर्रे बरगडीपाशी एकावर एक दिसत होते. डोक्यात एकही नव्हता. मागच्या पायांतही नव्हता. सगळे खांद्यापासून कमरेपर्यंत, आणि सर्वांत लांबच्या दोघांमधलं अंतर सदतीस सेंटिमीटर.

ब्रीना टेबलावर होती. पांढऱ्या अंगावर नारिंगी ठिपके असलेली, पाच वर्षांची शिकारी कुत्री. गळ्यातली घंटी मी काढून खिडकीत ठेवली होती. घंटीला काही झालं नव्हतं.

तिचा मालक नाझ्झारेनो भिंतीला टेकून उभा होता. त्याचा उजवा हात झोळीत होता. ऑक्टोबरात जिन्यावरून पडून त्याचा खांदा मोडला, त्यामुळे या मोसमात तो बंदूक न घेता नुसता कुत्रीमागे फिरायचा. बार दुसऱ्यांनी काढायचे.

"लागलं तेव्हा तिला कळलं का?" त्याने विचारलं.

"नाही."

"हे सगळ्यांना सांगतेस की खरं आहे?"

"सगळ्यांना सांगते. हिच्या बाबतीत खरं आहे."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "डॉक्टरबाई, मला आणखी काही नको. कोणी मारली तेवढं सांग. बुधवारपर्यंत कोणी स्वतःहून बोललं नाही तर मी तक्रार लिहून देणार."

तो शुक्रवार होता. मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्याकडे शिकार बंद असते, म्हणून तिला शोधायला सगळं गाव मोकळं होतं. ब्रीना गुरुवारी सकाळी नाहीशी झाली होती आणि शुक्रवारी दुपारी काळ्या ओढ्यातल्या काटेरी बोळात सापडली.

तो गेल्यावर मी तिला पुसून घेतलं, कारण तो तिला घरी पुरणार होता. गळपट्ट्याखाली केसांत काहीतरी चिकटलं होतं, नखाएवढं. वाळकं पान असावं असं वाटलं. तरीही मी ते चिमट्याने उचलून बाटलीत टाकलं. सवय आहे, दुसरं काही नाही.

२

जंगल-पोलिसांचे फौजदार तिबेरी शनिवारी सकाळी आले. कॉफी मागितली आणि तीत मिस्त्रा, आमची बडीशेपेची दारू, नको म्हणाले, यावरून ते कामावर आहेत हे कळलं.

"मी बोळ टेपने मोजला," ते म्हणाले. "दोन्ही बाजूंना काटे इतके दाट की कोंबडी घुसणार नाही. कुत्री टोकाला होती. मारणारा फक्त बोळाच्या तोंडाशी उभा राहू शकतो. बारा मीटर. एक पाऊल पुढे नाही, एक मागे नाही, मागे वळण आहे."

"बरोबर."

"गुरुवारी ओढ्यात दोघांच्याच बंदुका होत्या. फाउस्तो आणि तुमचे वडील."

"मेंढपाळ एर्मेते?"

"त्याने कुत्र्यांना मारीन म्हणून चौकात शपथ घेतली होती, माहीत आहे. पण त्याची बंदूक सप्टेंबरपासून माझ्या कपाटात आहे. त्यामुळे तो आता नुसत्या शिव्या देतो." त्यांनी कप ठेवला. "तेव्हा तुम्हालाच विचारतो. तुमच्या वडिलांची दुनळी मी पाहिली आहे. तिचं तोंड किती आवळलेलं आहे?"

ती बंदूक सगळा गाव ओळखतो. आजोबांनी ती सखल पाणथळीत बदकं मारायला घेतली होती. चाळीस मीटरवरच्या पक्ष्यापर्यंत छर्रे एकत्र राहावेत म्हणून तिच्या दोन्ही नळ्या तोंडाशी निमुळत्या केलेल्या आहेत. नाझ्झारेनो बाबांना चिडवायचा, "क्विंतोची बंदूक म्हणजे नळी नव्हे, सुईचं नेढं." आमच्या डोंगरात मारतात तो पक्षी म्हणजे लांबचोची, वाळक्या पानांच्या रंगाची, पंधरा पावलांवरून उडणारी. तिच्यासाठी नळी मोकळ्या तोंडाची लागते. फाउस्तोची तशीच आहे.

"बारा मीटरवर बाबांच्या बंदुकीचे छर्रे वीस सेंटिमीटरही पसरत नाहीत," मी म्हणाले. "हा पसारा सदतीसचा आहे."

"म्हणजे ती बंदूक नाही."

"त्या बंदुकीने कुत्रीला मुठीएवढं एकच भोक पडलं असतं."

"हे लिहून देता?"

मी लिहून दिलं. अक्षर नीट आलं. खाली सही केली. मी लिहिलेलं प्रत्येक वाक्य खरं होतं.

३

फाउस्तो त्याच दुपारी आला. तो खालच्या खासगी शिकाररानात रक्षक आहे, वय चौतीस. बंदुकीचा परवाना गेला तर नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर मिळालेलं घरही गेलं. हे त्याने बोलून दाखवलं नाही. बायकोने पाठवलेली डाळीची पिशवी टेबलावर ठेवली आणि उभाच राहिला.

"लाच आहे का?" मी विचारलं.

"लाच द्यायची असती तर डुकराचं मांस आणलं असतं."

"बस. किती बार काढलेस?"

"दोन. दोन्ही वर, ओकांच्या झाडीत. एक पक्षी पडला, एक उडाला. मग खालून एक बार ऐकू आला. पण त्या दरीत आवाज भिंतींवर फिरतो, कुठून आला देव जाणे. एकूण तीन. नाझ्झारेनोकाकांनाही विचारा, तेही तीनच सांगतील."

"बाबांनी एक काढला म्हणतात."

"मग दोन आणि एक तीन." तो माझ्याकडे न पाहता म्हणाला. "मी क्विंतोकाकांवर बोट ठेवत नाही. त्यांच्या बंदुकीने हे होत नाही हे मलाही कळतं. पण माझ्याही बंदुकीने झालेलं नाही. आता माझ्यासारखाच विचार करणारा फौजदार कुठून आणू?"

"काडतुसं कुठली वापरलीस?"

"दुकानातली साधी."

"बाबांनी दिलेली नाहीत?"

तो पहिल्यांदा हसला. सर्व संतांच्या दिवशी, स्मशानातून परतताना, बाबा दरवर्षी आपल्या सोबत्यांना घरी भरलेली दहा-दहा काडतुसं वाटतात. वर मेणाने लाल ठिपका. आत छऱ्यांमध्ये पुठ्ठ्याची उभी फुली बसवलेली असते, ती छऱ्यांचे चार भाग करते. बार निघाला की पुठ्ठा त्यांना बाजूला ढकलतो आणि छर्रे लवकर फाकतात. नळीचं तोंड कापून मोकळं करा असं बंदूकवाल्याने तीस वर्षांपूर्वी सुचवलं तेव्हा बाबा म्हणाले होते, नळी कापणं म्हणजे माझ्या बापाचं नाक कापणं. तेव्हापासून ते नळीऐवजी पुठ्ठा कापतात.

"त्यांची फुलीची काडतुसं माझ्या बंदुकीला घेऊन काय करू?" फाउस्तो म्हणाला. "आधीच मोकळी नळी, त्यात फुली. छर्रे पेरणी केल्यासारखे पडतील. घेतो आपली, म्हातारा इतक्या हौसेने देतो. दहाच्या दहा घरात आहेत. पण हे मी सांगून कोण मानणार?"

दाराशी तो थांबला.

"डॉक्टरबाई, तुम्ही मोजमापाची माणसं. माझंही माप घ्या ना एकदा."

तो गेल्यावर मी डाळ डब्यात भरली. फाउस्तोने फुलीचं नाव काढलं नव्हतं तोवर मलाही ते आठवलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. मग बाटली शोधायला गेले.

४

पान नव्हतं. कोमट पाण्यात धरल्यावर रक्त सुटलं आणि पुठ्ठा दिसला. फुलीचा एक फाटलेला हात, मध्ये खाच, टोक कात्रीने गोल केलेलं. एका बाजूला राखाडी. दुसऱ्या बाजूला गुळगुळीत पांढरं, त्यावर हिरवी पट्टी आणि पट्टीत छापलेल्या थेंबाचा अर्धा आकार.

हा पुठ्ठा ज्या औषधाच्या खोक्याचा, तो मला ओळखता येतो. त्यातली बाटली मी रोज संध्याकाळी सात वाजता उघडते, बाबांच्या डाव्या डोळ्यात एक थेंब घालते आणि उजव्यात एक. रिकामा खोका ते मागून घेतात. पुठ्ठा चांगला आहे म्हणतात.

भिंतीवरच्या घड्याळात सात वाजले होते.

बाबा स्वयंपाकघरात खुर्चीवर मान मागे टाकून बसले होते. एक्याऐंशी वर्षांचा माणूस, दाढी रोज करतो, हल्ली कानापाशी थोडी राहून जाते.

"इल्दे, उशीर केलास," ते म्हणाले.

"एक मिनिट. बाबा, गुरुवारी तुम्ही बार कुठे काढलात?"

"ओढ्यात. खाली."

"कशावर?"

"पोरी, कशावर म्हणजे? लांबचोचीवर. पंख ऐकले. चुकली." ते हसले. "नाझ्झारेनोला सांगू नकोस. सांगेल सगळ्यांना, क्विंतोच्या नेढ्यातून दोरा सुटला म्हणून."

"कुठलं काडतूस होतं?"

"उजव्या नळीत नेहमी फुलीचं. डाव्यात साधं, लांब गेली तर. तीस वर्षं हेच आहे, आज काय विचारतेस?"

मी डाव्या डोळ्यात थेंब घातला. पक्षी उडताना दिसला का, हे मी विचारलं नाही. ते म्हणाले होते, ऐकले.

एप्रिलमध्ये त्यांच्या परवान्याची मुदत संपली तेव्हा वैद्यकीय दाखला लागणार होता. त्यांना मीच गाडीतून नेलं. वाटेत ते पुटपुटत होते. पहिल्या वळणावर मला वाटलं जपमाळ असेल. दुसऱ्या वळणावर कळलं की ती अक्षरं होती, दवाखान्यातल्या तक्त्यावरची, वरून खाली, ओळीने. दोन दिवस आधी ते तिथे रक्तदाब मोजायला म्हणून गेले होते आणि तक्त्याजवळ बराच वेळ उभे होते. मी तेव्हा एक वाक्य बोलायला हवं होतं. मी गाडी चालवली. ते पास झाले. परतताना त्यांनी मला आइस्क्रीम घेऊन दिलं.

ते वाक्य तेव्हापासून माझ्याजवळ आहे. रोज सात वाजता ते तोंडापर्यंत येतं.

"दुसरा डोळा," बाबा म्हणाले.

मी दुसऱ्या डोळ्यात थेंब घातला.

५

पुठ्ठ्याने काही सिद्ध होत नव्हतं. हे मी रविवारभर स्वतःशी म्हणत राहिले आणि तेही खरंच होतं. बाबांनी भरलेलं काडतूस फाउस्तोकडेही होतं. फुली कोणी कापली हे दिसत होतं, चाप कोणी ओढला हे नाही. नुसत्या रुंदीने फाउस्तो दोषी ठरत होता. नुसता पुठ्ठा कोणालाच दोषी ठरवत नव्हता. बाटली फडताळात मागे सरकवली असती तर बुधवारी तक्रार झाली असती आणि महिन्याभरात खालच्या रानातलं घर रिकामं झालं असतं.

सोमवारी सकाळी मी तिबेरींना फोन केला.

"मी लिहून दिलं ते अपुरं आहे. दोन्ही बंदुका कागदावर मारून पाहायला हव्यात. दोन्ही प्रकारच्या काडतुसांनी."

"दोन प्रकारच्या का?"

"मोजायचं तर सगळंच मोजावं."

"तुमच्या हाती काही लागलं आहे का?"

"उद्या," मी म्हणाले.

बाबांना मी जेवताना सांगितलं. ते खूश झाले. रात्री त्यांनी बोटांनी चाचपत नवी चार काडतुसं भरली. "बिचाऱ्या फाउस्तोचं काम होत असेल तर मी येणार," ते म्हणाले. "नाझ्झारेनो रागावला की गाढव होतो. चाळीस वर्षं ओळखतो मी त्याला."

६

मंगळवारी नेमबाजीच्या मैदानावर आम्ही पाच जण होतो. ऊन होतं, वारा नव्हता. तिबेरींनी बारा मीटरवर चौकटीत कागद लावला. बार सगळे तेच काढणार होते, म्हणजे हात एकच राहील. बाबा खुर्चीत बसले. शेजारी नाझ्झारेनो, झोळीतला हात सांभाळत. फाउस्तो लांब उभा होता.

पहिला बार फाउस्तोच्या बंदुकीने, साधं काडतूस. मी टेप लावली.

"किती?" बाबांनी विचारलं.

"अडतीस."

फाउस्तोने जमिनीकडे पाहिलं. दुसरा बार त्याच्याच बंदुकीने, लाल ठिपक्याचं काडतूस.

"किती?"

"एकसष्ट."

"पेरणी," नाझ्झारेनो म्हणाला. कोणी हसलं नाही.

तिसरा बाबांच्या दुनळीने, साधा. एकोणीस. कागदाच्या मध्ये मुठीएवढं भोक.

"सुईचं नेढं," बाबा म्हणाले, आणि नाझ्झारेनोच्या दिशेने मान केली.

चौथा बाबांच्या दुनळीने, फुलीचा.

मी दोनदा मोजलं, आणि दोन्ही वेळा सदतीस आलं.

"बघा," बाबा अभिमानाने म्हणाले. "नळी न कापता."

तिबेरींनी पारदर्शक कागदावर उतरवलेला एक्स-रे आधी पहिल्या कागदावर धरला, मग चौथ्यावर. दोन्हीकडे बसला. त्यांनी तो खाली घेतला आणि माझ्याकडे वळले.

"म्हणजे पहिला किंवा चौथा. फाउस्तो साध्या काडतुसाने, किंवा क्विंतो फुलीच्या. आपण होतो तिथेच आहोत, फक्त आता संशयात दोघंही."

मी खिशातून बाटली काढली.

"हे ब्रीनाच्या गळपट्ट्याखाली होतं. शुक्रवारपासून माझ्याकडे आहे. काय आहे हे मला शनिवारी कळलं."

तिबेरींनी हात पुढे केला, पण बाबा म्हणाले, "मला दे." मी तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो पाहिला नाही. अंगठ्याच्या नखाने कड चाचपली, मग खाच, मग टोक.

"टोक गोल आहे," ते म्हणाले. "मीच करतो. नळीला ओरखडा पडू नये म्हणून." अंगठा पुन्हा पुठ्ठ्यावरून फिरवला. "यावर हिरवी पट्टी आहे का?"

तुकडा त्यांच्या हातात होता. पट्टी वरच्या बाजूला होती.

"आहे," मी म्हणाले.

काडतुसांबद्दल आमच्या डोंगरात त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

"फुली होती," ते सावकाश म्हणाले, "तर पहिला कागद गेला. तो साधा. फुली आणि फाउस्तोची नळी, तर एकसष्ट. तोही गेला." त्यांनी मूठ मिटली. "मग चौथा."

फाउस्तो जाऊन चौकटीमागे उभा राहिला, पाठ आमच्याकडे करून.

"क्विंतो," नाझ्झारेनो म्हणाला. "ती तुला दिसली नाही?"

"पंख ऐकले मी."

"बारा मीटर होते. पांढरी कुत्री."

"घंटी वाजत नव्हती."

"ती थबकून उभी होती, रे. पक्ष्यावर रोखलेली. तेव्हा घंटी वाजत नाही, हे तू मला शिकवलंस."

नाझ्झारेनोने डाव्या हाताने तोंड पुसलं. मग त्याचा आवाज बदलला.

"धुकं असेल," तो म्हणाला. "ओढ्यात सकाळी असतं. होतं ना धुकं, क्विंतो?"

बाबांनी मान वर केली. "होतं," ते म्हणाले. "थोडं होतं."

तिबेरी वहीत काही लिहीत नव्हते. त्या दिवशी धुकं नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं. पण फाउस्तो सुटला होता, आणि कुत्रीचा मालक स्वतः धुकं म्हणत होता. "धुक्यातला अपघात," ते म्हणाले. "तक्रार नसेल तर मला इतकंच लिहायचं आहे."

"तक्रार नाही," नाझ्झारेनो म्हणाला.

"डॉक्टरांनी एप्रिलमध्ये पास केलंय मला," बाबा म्हणाले. "इल्देला विचारा. तीच घेऊन गेली होती." आणि माझ्याकडे पाहून हसले. म्हणजे मी जिथे आहे असं त्यांना वाटलं तिथे पाहून. मी त्याच्या हातभर डावीकडे उभी होते.

सगळे माझ्याकडे बघत होते. दुनळी टेबलावर उघडी पडली होती. मला फारसं काही वाटत नव्हतं. मी दोन्ही रिकामी काडतुसं काढली, नळ्या मिटल्या, बंदूक हातात घेतली आणि त्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले,

"बाबा, तुम्हाला दिसत नाही. ही बंदूक मी घेऊन चालले, आता ती परत मिळणार नाही."